सरकत्या नावांचा दवाखाना

मेहुण्याच्या दवाखान्यातली यादी तशी बरी चालली होती. म्हणजे चालत नव्हती, जागच्या जागी बदलत होती, आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार फक्त माझी होती.

मेहुणा दातांचा डॉक्टर, माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्या घरात जो तो कशाचा ना कशाचा तज्ज्ञ आहे. कुणी हाडांचा, कुणी मातीचा, एक मावससासरे तर पुलांच्या खांबांचे. मी पंप बनवणाऱ्या कंपनीत हिशेब बघतो. "जावई खासगीत आहेत," असं सासूबाई लोकांना सांगत, आणि ते अशा खालच्या सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारा आजारी असतो वाटतं. पुढे मी व्हिडिओ बघून बघून वेबपेज करायला शिकलो आणि पहिलं धडाचं पान करून दिलं ते डॉक्टरांच्या दवाखान्याला. वेटिंग हॉलमधल्या टीव्हीवर ते दिवसभर लावलेलं असे. डावीकडे डॉक्टरांचा फोटो आणि पदव्या, वर घड्याळ, खाली हसऱ्या दातांची एक रांग आणि उजवीकडे पेशंटची यादी. आत कोण आहे, पुढचं कोण, त्याच्यामागे कोण. काउंटरवरच्या बाई आपल्या कम्प्युटरवर नावं घालत, काढत, वरखाली करत, आणि टीव्हीवर तसतसं दिसत असे.

सासरच्यांना हे पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं आहे." 'बरं' हा शब्द त्या घरात ताप उतरल्यावर वापरतात.

तेव्हापासून मी त्या यादीकडे जरा वाकड्या नजरेनेच बघत होतो. तिच्यात काहीतरी कमी आहे हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मग एक दिवस ऑफिसात, डबा खाताना, मला ते प्लगइन सापडलं. वेबपेजवरच्या गोष्टी आपोआप हलवून दाखवणारं जावास्क्रिप्टचं प्लगइन. यादीत नवीन नाव आलं की ते टपकन उगवत नाही, अलगद उमटतं. एखादं गेलं की विरून जातं. मधलं नाव वर गेलं तर बाकीची नावं बाजूला होऊन, जागा करून देत, हळूच खाली सरकतात. लग्नाच्या पंगतीत... छे, पंगतीत कोण एवढं सरकतं? आणि हे सगळं एका ओळीत. "फक्त एक ओळ लिहा, बाकीचं आमच्यावर सोपवा," असं तिथे लिहिलं होतं. आजवर मला हे वाक्य एका गवंड्याने, एका विमा एजंटाने आणि एका केशरोपणवाल्याने ऐकवलेलं आहे. पण माणूस अनुभवातून शिकतो ही केवळ अफवा आहे.

घरी बायकोला सांगितलं, तर तिने विचारलं, आत्ता चालतंय का ते. मी म्हटलं, चालतंय. "मग हात लावू नकोस," असं म्हणून ती पुन्हा आपल्या कामाला लागली. या एका वाक्यावर आमच्या घरातला मिक्सर सोळा वर्षं टिकून आहे, हे मी विसरलो.

वरच्या मजल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात. इमारतीतली कुठलीही गोष्ट त्यांच्या सल्ल्याशिवाय बिघडत नाही. ते म्हणाले, हलतं काहीतरी समोर असलं की माणूस गप्प बसतो. त्यांच्या ऑफिसात पंखा बंद पडला की लोक तक्रारी घेऊन उठायचे आणि पंखा फिरत असला की त्याच्याकडे बघत बसून राहायचे. एवढं सांगून ते दारापर्यंत गेले, मग परत आले आणि म्हणाले, "फक्त एक विचार कर. दातांच्या दवाखान्यात काही हलणं हे चांगलं लक्षण धरतात का?" मी त्यांचं पहिलं निम्मं ऐकलं. सल्ल्याचं असंच असतं, आपल्याला हवं ते निम्मं आपण आधीच निवडून ठेवलेलं असतं.

ओळ लिहिली. माझ्या लॅपटॉपवर नावं अशी सरकली, की मी स्वतःच दोन-तीनदा खुर्चीतून मागे होऊन बघितलं. सरकण्याचा वेग ठरवायची सोय होती. मी तो मुद्दाम संथ ठेवला. घाई हे हलक्या कामाचं लक्षण, असं माझं मत.

दवाखाना बंद असतो त्या दिवशी मी सासरच्या मंडळींना हॉलमध्ये बोलावलं. सगळे बाकांवर ओळीने बसले. सासूबाई मध्यभागी. मी प्रस्तावना केली, थोडी लांबली, पण विषयच तसा होता. मग काउंटरच्या कम्प्युटरवर एक नाव तळातून उचलून वर टाकलं आणि टीव्हीकडे हात केला. नाव टपकन वर गेलं. पूर्वी जायचं तसंच. मी पुन्हा केलं. पुन्हा टपकन. सगळे टीव्हीकडे बघत होते, मग हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. पुलांच्या खांबांचे मावससासरे विचारायला लागले, की यात नवीन काय ते त्यांना कळलं नाही, त्यांचा चष्मा बदलायला झालाय का. सासूबाईंना माझी दया आली असावी. "मला वाटतं, या खेपेला जरा लवकर गेलं," त्या म्हणाल्या.

अपमान गिळून मी दुसऱ्या दिवशी कारण शोधलं. टीव्ही काउंटरच्या कम्प्युटरला जोडलेला होता, आणि त्या कम्प्युटरवर 'हालचाल कमी ठेवा' अशी एक खूण केलेली होती. काउंटरवरच्या बाईंना पडद्यावर काही सरकलं की गरगरतं, म्हणून त्यांनी ती कधीची करून ठेवली होती. प्लगइन ती खूण बघतं आणि मुकाट्याने गप्प बसतं. इतकं सभ्य काही मी आजवर पाहिलं नव्हतं. समोरच्याला हललेलं नको असेल तर ते हलत नाही, आणि 'मी तुमच्याखातर हललो नाही हो' असं बोलूनही दाखवत नाही. आमच्या नात्यात असा एकही माणूस नाही.

मी खूण काढून टाकली. बाईंना विचारणं रीतसर झालं असतं, पण त्या जेवायला गेल्या होत्या आणि मी ऑफिसातून चोरून आलो होतो.

इथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण एका ओळीने यादी सुंदर होते, तर सगळं पान का होऊ नये, असा विचार मनात आला. तो आला की माणसाने उठून पाणी प्यावं, चार पावलं चालून यावं. मी बसलोच. पानावरच्या प्रत्येक चौकटीला ती ओळ लागू केली आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी भर कामात डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर चिडले की त्यांचा आवाज आणखी मऊ होतो. पेशंटला ते "आता जरासं टोचेल हं" म्हणतात, त्या आवाजात म्हणाले, "दात गळतायत."

हिशेबखात्यात आम्ही नऊजण एका हॉलमध्ये बसतो. मी घाबरून मोठ्याने विचारलं, "किती?"

"वरचे सगळे गेले. खालचे अजून आहेत."

हॉलमधल्या आठही माना माझ्याकडे वळल्या. शेजारच्याने सहानुभूतीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी "टीव्हीवरचे, टीव्हीवरचे" असं सांगत जिना उतरलो.

दवाखान्यात जाऊन बघतो तो घड्याळाची दशा सर्वांत वाईट. त्यातला सेकंदाचा आकडा दर सेकंदाला नवा येतो. जुना विरायच्या आत नवा उमटत होता आणि नव्याला धड बसू न देता त्याच्यामागचा येत होता, त्यामुळे वेळ कळण्याऐवजी वेळेला हुडहुडी भरल्यासारखं दिसत होतं. खालची दातांची रांग ठरावीक वेळाने बदलून दुसरी येई. आता जुन्या रांगेतले दात एकेक करून फिकट होत, किंचित मागे सरत आणि नाहीसे होत. ते बघून दोन पेशंट, घरी गॅस चालू राहिल्याचं कारण सांगून, निघून गेले होते. आणि बाई डाव्या हाताने डोळे झाकून उजव्या हाताने बटणं दाबत होत्या. मला बघून त्यांनी बोटांच्या फटीतून विचारलं, "भाऊजी, हे तुम्ही केलंत?" मी म्हटलं, थोडं. "मग थोडं थांबवा," त्या म्हणाल्या.

मी सगळीकडची ओळ काढली आणि फक्त यादीला ठेवली. बाईंना समजावलं, की यादी अगदी संथ सरकते, संथ गोष्टीने गरगरत नाही. त्यांना ते पटलं नाही, पण त्या सोशिक होत्या. नाव वरखाली करायचं असलं की डोळे मिटत, बटण दाबत, मनात दहा मोजत आणि मग उघडत.

पुढचे काही दिवस मी सुखात काढले. काकांचं पहिलं निम्मं खरं निघालं होतं. लोक यादीकडे बघत बसत. कुणी आत गेला की त्याचं नाव विरे, खालची सगळी नावं एक पायरी वर चढत, आणि हॉलभर समाधानाचा सुस्कारा निघे. आपला नंबर जवळ येतोय हे डोळ्यांनी दिसण्यात केवढा दिलासा असतो. डॉक्टरांनीही फोन करून सांगितलं, की लोक शांत आहेत. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, अजून आठवडा जाऊ दे.

आठवडा जायच्या आत वॉर्ड ऑफिसची नोटीस आली. दवाखान्याचं दार काचेचं आहे आणि टीव्ही रस्त्यावरून दिसतो. तेव्हा हा फलक ठरतो. स्थिर फलकाची परवानगी डॉक्टरांकडे होती. हलत्या फलकाची वेगळी लागते. समोरच्या चष्म्याच्या दुकानदाराने तक्रार केली असावी असा डॉक्टरांचा संशय होता. त्यांचं म्हणणं, तो माणूसच चष्मेवाला, त्याला दिसलं नसतं तरच नवल. मग डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, की हे प्रकरण ज्याने हलवलं त्यानेच ते थांबवावं.

वॉर्ड ऑफिसात मला तीन टेबलांवरून चौथ्या टेबलावर पाठवलं. तिथे फलकांचे अधिकारी बसले होते. सावकाश बोलणारे, सभ्य, आणि समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारे. म्हणजे ज्यांच्याकडून काम होत नाही अशांपैकी. त्यांनी विचारलं, फलक हलतो का. मी सांगितलं, फलक भिंतीला स्क्रूने बसवलेला आहे, हलतात ती नावं.

"नावं फलकावर आहेत ना?"

"हो."

"मग ती हलली की फलक जागेवर कसा राहील?"

 मी म्हटलं, नावं सारखी हलत नाहीत, हलून थांबतात. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. थांबतात हे अर्जदाराचं म्हणणं झालं, ते प्रत्यक्ष येऊन बघतील. किती हलतं, कुठून कुठे हलतं आणि हलून थांबतं की नाही, हे तिन्ही बघावं लागेल.

ते आले त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. हॉल भरलेला होता. अधिकारी मधल्या बाकावर बसले, मी त्यांच्या बाजूला. पलीकडे क्रिकेटचे एक निवृत्त पंच होते. त्यांच्या दाढेचं काम बरेच दिवस चालू असल्यामुळे ते हॉलचे जवळजवळ रहिवासी झाले होते. उभ्या आयुष्यात लोकांचा संताप त्यांनी पांढऱ्या कोटात उभं राहून ऐकला होता, त्यामुळे चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नसे.

एक पेशंट आत गेला. नावं एक पायरी वर सरली आणि थांबली. अधिकाऱ्यांनी कागदावर लिहिलं, 'किंचित'. माझा जीव भांड्यात पडला. दुसरा आत गेला. पुन्हा 'किंचित'. मी त्यांना चहा विचारला.

इतक्यात काचेचं दार ढकलून सासूबाई आल्या. त्यांची नवी कवळी टोचत होती. काउंटरवर त्यांनी नुसती मान हलवली, बाईंनीही मान हलवली, नाव टाकलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ते वर घ्यायला, डोळे मिटून बटण दाबलं.

यादीच्या तळाशी सासूबाईंचं नाव उमटलं. क्षणभर थांबलं. आणि मग वर निघालं. मी वेग संथ ठेवलेला होता हे सांगितलंच आहे. त्या संथ, डौलदार वेगाने ते नाव एकेका नावाला ओलांडत वर चाललं आणि ओलांडलेलं प्रत्येक नाव अदबीने बाजूला होऊन एक पायरी खाली उतरलं. सकाळपासून बसलेल्या बाईचं उतरलं, कामावरून सुटी काढून आलेल्या ड्रायव्हरचं उतरलं, पंचांचं उतरलं. सगळा हॉल मान वर करून त्या प्रवासाकडे बघत होता. इतकी वर्षं हेच होत होतं, पण टपकन होत होतं, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. आता मी ते सगळ्यांना दिसेल असं, आणि फार देखणं करून, दाखवलं होतं.

नाव सर्वांत वर जाऊन थांबलं. अधिकाऱ्यांनी 'किंचित' खोडलं.

पंचांनी बोट वर केलं. ओरडले नाहीत, उठले नाहीत, नुसतं बोट वर केलं, आणि सगळ्या माना टीव्हीवरून त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी विचारलं, "या बाई कोण?"

काउंटरवरच्या बाईंनी अजून डोळे उघडले नव्हते. आता त्यांनी ते उघडायचा बेत रद्द केल्यासारखं दिसलं. सासूबाई मागे वळल्या. आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना जरा उशिरा कळलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर माझा मुलगा आहे."

"म्हणूनच विचारतोय," पंच म्हणाले.

सासूबाईंनी टीव्हीकडे बघितलं, मग बाकांवरच्या लोकांकडे, एकेकाच्या चेहऱ्याकडे. मला वाटलं, आता त्या रागावतील. पण त्या गोंधळल्या होत्या. नंतर त्यांनी बायकोला सांगितलं, की खरोखर त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्या दवाखान्यात आल्या की नेमका त्यांचाच नंबर लागलेला असायचा, आणि त्याला त्या स्वतःचं नशीब समजत आल्या होत्या.

"माझं नाव खाली घ्या," त्या बाईंना म्हणाल्या.

आतून डॉक्टर बाहेर आले, हातमोजे घातलेले. "आई, तू ये ना आत," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या नंबराला येतील. नाव आलं तसंच, तितक्याच डौलाने, सगळ्यांना एकेक पायरी वर चढू देत तळाला गेलं. अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'दोन्ही दिशांना'.

सासूबाई दुपारपर्यंत बाकावर बसल्या. मी पलीकडच्या बाकावर बसून राहिलो, कारण उठून जाणंही बरं दिसेना आणि शेजारी जाऊन बसण्याचा धीरही होईना.

संध्याकाळी नात्यात वणवा पेटला. चौकशीअंती असं निघालं, की टपकन वर जाणारी नावं एकट्या सासूबाईंची नव्हती. मावससासरे, त्यांच्या सुना, एक चुलत आत्या आणि तिच्या शेजारणी, सगळेच वर्षानुवर्षं त्या वाटेने गेलेले. आता या दवाखान्यात पाऊल ठेवायची कुणाला सोय उरली नव्हती, आणि ठणकणाऱ्या दाढा घेऊन ते सगळे माझ्या नावाने दातओठ खात होते. बायकोची पंचाईत झाली. माहेरी बोलली तर नवऱ्याच्या बाजूने, घरी बोलली तर भावाच्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा घ्यायचा कुणाचा? शेवटी चार-पाच दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका मऊ होता, की मला ऐकू येईना. ती ओळ काढून टाकायची, एवढं कळलं.

मी गेलो. एक ओळ लिहायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळ खोडायला लागणार होता, याचं वाईट वाटत होतं. हॉलमध्ये शिरलो तर बाकावर सासूबाई. मी विचारलं, कवळी अजून टोचते का. त्या म्हणाल्या, ती कालच ठीक झाली. मग मी का आलोय ते सांगितलं.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या.

मी उभाच होतो. त्यांनी बाकावर जागा करून दिली, म्हणून बसलो. त्या टीव्हीकडे बघत सांगायला लागल्या. इतकी वर्षं त्या इथे येत होत्या, दारातून सरळ आत, आतून सरळ बाहेर. डॉक्टरांच्या आई म्हणून सगळे उठून वाट देत. त्या दिवशी त्या बसल्या आणि शेजारच्या बाईने विचारलं, तुमचं काय दुखतंय?

"घरी कुणी विचारत नाही असं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण घरी सगळे डॉक्टर. दुखतंय म्हटलं की गोळी देतात. ती बाई नुसती ऐकत बसली."

त्यानंतर त्या रोज येत होत्या. आदल्याच दिवशी एक मुलगी सुजलेला गाल धरून, डोळ्यांत पाणी घेऊन आली. तिचं नाव तळाशी. सासूबाईंनी हॉलला विचारलं, हिला पुढे जाऊ द्यायचं का. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, पंचांनी बोट वर केलं, आणि मुलीचं नाव सगळ्यांच्या देखत वर गेलं. स्वतःचं नाव खाली उतरताना बघून लोकांनी माना डोलावल्या. आपण जागा दिली हे दिसत होतं ना. चोरून गेलं असतं तर भांडले असते.

मी ओळ काढली नाही. फक्त बाईंच्या पडद्यापुरती यादी स्थिर केली आणि हलती टीव्हीवर ठेवली. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, पण तेव्हा मी सौंदर्याच्या मागे होतो. बाईंनी डोळे उघडून कामाला सुरुवात केली आणि नावांचं शुद्धलेखन एकदम सुधारलं. डॉक्टरांना सासूबाईंनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीइतका खरखरीत झाला, त्यावरून मिटलं असं मी समजलो. नातेवाईकही हळूहळू नंबर लावून बसायला लागले. मावससासरे तर पंचांच्या शेजारची जागा धरायला लवकर येतात. वॉर्ड ऑफिसात मात्र, हलून थांबणारा फलक स्थिर धरावा की हलता, याचा निर्णय व्हायचाय. त्या यादीतलं सगळं हललं, ती फाईल तेवढी हलली नाही.

या सगळ्या काळात माझी डावी दाढ काय करत होती, इकडे माझं लक्ष नव्हतं. एका सकाळी गाल असा सुजला, की आरशात मला माझे दोन थोरले चुलते एकदम दिसले. तोंड उघडेना. बायकोने दवाखान्यात कळवलं आणि मला रिक्षात घातलं.

हॉल भरलेला. माझं नाव तळाशी उमटलेलं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि बाईंनी, त्यांच्या मायेपोटी म्हणा, भाऊजींची ही दशा बघवेना म्हणून म्हणा, न विचारता बटण दाबलं. नाव वर निघालं. पंचांचं बोट वर आलं. नाव मध्येच थांबवण्याची सोय प्लगइनमध्ये नाही. ते वर पोहोचेपर्यंत सगळे थांबले, मग पंचांनी विचारलं, यांना पुढे जाऊ द्यायचं का.

मी गाल पुढे केला. बोलता येत नव्हतं, पण गाल पुरेसा होता. एक आजी म्हणाल्या, जाऊ दे बिचाऱ्याला. ड्रायव्हरनेही मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "हे माझे जावई आहेत, तेव्हा मी काही बोलणार नाही." हे सगळ्यांना योग्य वाटलं. वारं माझ्या बाजूने होतं. तेवढ्यात आजींनी, नुसतं बोलायचं म्हणून, विचारलं, की जावई करतात काय.

सासूबाई सरसावून बसल्या. खालचा सूर नव्हता, आजाऱ्याचा उल्लेख नव्हता. भरल्या हॉलमध्ये, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "ही यादी आहे ना, ही यांनीच केलीय. सगळी. एकट्याने."

लोकांनी माझ्याकडे बघितलं. माझा ऊर भरून आला, आणि गालही. पंचांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि थोडा विचार केला.

"मग यांनी तर नंबर पाळलाच पाहिजे," ते म्हणाले.

यावर आजींनी आणि ड्रायव्हरनेही मान डोलावली. मी गाल मागे घेतला. बाईंनी माझ्याकडे क्षमा मागितल्यासारखं बघून बटण दाबलं. माझं नाव पहिल्या जागेवरून सुटलं आणि खाली निघालं. आजींना वर चढू दिलं, ड्रायव्हरला चढू दिलं, पंचांना चढू दिलं, कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही, आणि अगदी तळाशी येऊन, पीस टेकावं तसं टेकलं. ठणका मस्तकापर्यंत पोहोचला होता, तरी मला ते बघवत होतं.

मी बाकाच्या टोकाला बसलो. सासूबाई उठून माझ्या शेजारी आल्या आणि ओला रुमाल माझ्या गालाला धरून बसल्या. मग त्यांनी टीव्हीकडे बघितलं.

"सुरेख उतरलं हो तुमचं नाव," त्या म्हणाल्या.